मजुराचे पाय की मालकाचे हात?
(चोरखमारा येथे तरुणांपुढे केलेले भाषण)



कायद्याचं नाव निघालं की आपली माणसं एकतर हात जोडतात, नाहीतर थुंकतात. आज दोन्ही नको. आज कायद्याला एकच सवाल विचारायचा : तू कुणाला बांधतोस? मजुराचे पाय की मालकाचे हात?

सुरुवात विलायतेपासून करू, कारण साहेबाने हे कायदे तिथूनच आणले. 1563 साली इंग्लंडात ठरलं की मजुरी न्यायाधीश ठरवणार, त्याहून जास्त घेणं गुन्हा. कापणीला कारागिरालाही शेतात जुंपायचं. नाही म्हणाला तर दोन दिवस, एक रात्र खोड्यात. काम सोडणाऱ्याला तुरुंग दाखवणारे कायदे तिथे 1875 पर्यंत टिकले. ते गेले ते साहेबाला पाझर फुटला म्हणून नव्हे. युनियनी उभ्या राहिल्या, आणि 1867 मध्ये शहरातल्या पुष्कळ कामगारांच्या हाती मत आलं म्हणून.

आता इकडे बघा. 1859 चा कायदा : उचल घेऊन काम सोडलंस? काम कर, नाहीतर पैसे फेड, नाहीतर तीन महिने कैद. हा रद्द व्हायला 1925 उजाडलं. झेंडा एकच, पण तिकडच्या मजुराच्या पन्नास वर्षं मागे इकडचा मजूर.

बरं, गोरे गेले. मग?

1948 साल. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी 1946 मध्ये मांडलेलं किमान वेतनाचं बिल दिल्लीत कायदा झालं. त्याच्या यादीत बिडी होती, शेतीही होती. आणि त्याच वर्षी नागपूरच्या सरकारने दुसराच कायदा केला. तेव्हा आपला भंडारा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. कायदा काय? शेतीच्या हंगामात डेप्युटी कमिशनर सांगेल त्या गावात बिडी वळायची नाही! कारण शेताला मजूर पुरले पाहिजेत. शेताची मजुरी वाढवा ना! ते नाही. बाईच्या पुढ्यातलं सूपच उचला. 1563 चं भूत 1948 मध्ये आपल्या शिवारात.

सागर जिल्ह्यातला एक कारखानदार आणि एक कामगार सुप्रीम कोर्टात गेले. 1950 मध्ये कोर्टाने तो कायदा मोडीत काढला. म्हणालं, शेतात राबू न शकणाऱ्या म्हाताऱ्या, अपंग, पोरांचीही रोजी तुम्ही बंद करता.

पण पाय सुटले म्हणून मालकाचे हात बांधले गेले नाहीत. घरी बसून बिडी वळणारी बाई कामगार आहे, हे 1966 च्या बिडी-सिगार कायद्याने मानलं. मालक कोर्टात गेले. 1974 मध्ये कोर्टाने कायदा उचलून धरला.

इंग्लंडात घरकाम करणाऱ्यांना किमान मजुरीची दारं 1909 मध्ये उघडली. तरी क्रॅडली हीथच्या साखळ्या घडवणाऱ्या बायांना तो दर पदरात पाडून घ्यायला 1910 मध्ये दहा आठवडे लढावं लागलं. कायदा कागदावर येतो. पैसा चुलीपाशी येतो तो संपाने.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. 1966 चा कायदा त्यात विरघळला. कुणी म्हणतं भलं झालं, कुणी म्हणतं वाटोळं. तुम्ही कलमं वाचा. कलमागणिक तोच सवाल विचारा. मग फळीवर, सट्टेदाराच्या दारात जाऊन हजारी बिड्यांचा दर विचारा. एकट्याने नाही. सगळे मिळून.

जयभीम!