आई असताना अनाथ

(पूर्व उपनगरांतील महिला मंडळांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



'बालगृहातील मुलांचे जीवन व शिक्षण' असा विषय मला दिला आहे. त्यावर मी बोलणारच आहे. पण निम्मा वेळ मी त्या मुलांच्या आयांबद्दल बोलणार आहे, कारण बालगृहातल्या बहुतेक मुलांना आई असते. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. लोक वाढदिवसाला केक आणि जुने कपडे घेऊन बालगृहात येतात आणि विचारतात, "यांचं कुणीच नाही ना हो?" बाहेरच्या ओट्यावर त्याच वेळी दोन-तीन बाया पिशवीत चिवडा आणि केसांचं तेल घेऊन भेटीच्या वेळेची वाट बघत बसलेल्या असतात.

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने २००९ मध्ये जगभरच्या माहितीवरून सांगितलं होतं, की संस्थांमध्ये राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी निदान चौघांचे आई किंवा वडील, किंवा दोघंही, हयात असतात. आफ्रिकेतल्या अनाथाश्रमांची छायाचित्रं आपण पाहिलेली असतात. तिथेही हेच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पट्ट्यात एड्सने तरुण माणसं गेली तेव्हा मुलं सांभाळली ती मुख्यतः आज्यांनी. रुवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर असंख्य मुलं शेजारणींनी, मावश्यांनी, अगदी अनोळखी बायांनीसुद्धा घरात घेतली आणि २०१२ मध्ये तिथल्या सरकारने अनाथाश्रम बंद करून मुलं कुटुंबांत परत नेण्याचं धोरण आखलं. आपल्यापेक्षा गरीब देशाने हे ठरवलं, याचा आपण जरा विचार करावा.

आता 'अनाथ' हा शब्द घ्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये 'अनाथ बालिकाश्रम' काढला तो विधवांसाठी. नाथ म्हणजे धनी. धनी गेला की बाई अनाथ, आणि तिचं लेकरूही अनाथ. आई जिवंत आहे, चार घरची भांडी घासून कमावते आहे, तरी व्यवहारात मूल अनाथच. सव्वाशे वर्षं झाली, हा हिशोब फारसा बदललेला नाही. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे आईला आणि मुलाला दोघांना जागा होती. बाई येऊन बाळंत होऊ शकत होती, आणि तिचं नाव कुणी विचारत नव्हतं. मला वाटतं, आपण तिथून पुढे येण्याऐवजी मागे गेलो. आज संकटातली बाई महिलांच्या निवाऱ्यात जाते, तिचा मोठा मुलगा तिथे चालत नाही म्हणून तो मुलांच्या बालगृहात, मुलगी मुलींच्या बालगृहात. एक घर तीन संस्थांत वाटलं जातं आणि प्रत्येक संस्थेचा भेटीचा दिवस वेगळा.

भांडुपच्या एका बाईचं सांगते. नवरा दुसरीकडे राहायला गेला. खोली भाड्याची होती. अनामत रकमेतून मालकाने थकलेलं भाडं कापून घेतलं. बाई एका घरी दिवसरात्रीच्या कामाला लागली. तिथे राहायला मिळत होतं, मुलांना नव्हतं. सात वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. तिने मुलांना "बोर्डिंगला घातलं." बाया हाच शब्द वापरतात, त्यात थोडी इभ्रत राहते. ती बाई आळशी नव्हती, दारू पीत नव्हती, मुलं तिला नकोशी नव्हती. तिला हवी होती एक दहा बाय दहाची खोली आणि दिवसा मुलांवर लक्ष ठेवणारं कुणीतरी. सरकार एका मुलाला संस्थेत ठेवायला जो खर्च करतं, तो तिच्या हातात पडला असता तर तिघं एकत्र राहिली असती.

यासाठी महाराष्ट्रात एक योजना आहे, बालसंगोपन योजना. मूल संस्थेत न ठेवता आईकडे किंवा नातेवाइकाकडे राहावं म्हणून दरमहा पैसे. कितीतरी वर्षं ही रक्कम ४२५ रुपये होती. ४२५ रुपयांत मुंबईत काय येतं ते मी तुम्हांला सांगायला नको. करोनात विधवा झालेल्या बायांसाठी हेरंब कुलकर्णी आणि अनेक कार्यकर्त्यांनी जी मोहीम चालवली तिच्या काळात, २०२१ मध्ये, ही रक्कम वाढली आणि २०२३ मध्ये २,२५० रुपये झाली. योजनेला आता सावित्रीबाईंचं नाव आहे. पैसे महिनोन्महिने अडकतात, हे खरंच. तरी परित्यक्तेला, विधवेला, नवरा तुरुंगात असलेल्या बाईला या योजनेचं नाव माहीत नसणं, यात आपल्या मंडळांना काम आहे.

आता आतलं जग. मी अकरा वर्षं पूर्व उपनगरातल्या एका मुलींच्या बालगृहात अभ्यासवर्ग घेते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. पहाटे साडेपाचला घंटा, रांगेत आंघोळ, रांगेत नाश्ता, रांगेत शाळा. महानगरपालिकेच्या शाळेत या मुलींना 'होमच्या पोरी' म्हणतात. वर्गात काही हरवलं तर पहिली झडती त्यांची. प्रगतिपुस्तकावर सही गृहमातेची, आणि एकेका गृहमातेकडे इतक्या मुली असतात की ती सही करते, वाचत नाही. पालकसभेला कुणी जातच नाही. रात्री साडेनऊला दिवे बंद. दहावीतली एक मुलगी बाथरूमच्या बाहेरच्या दिव्याखाली बसून बीजगणित करायची. तिला ओरडा मिळाला तो शिस्त मोडली म्हणून.

अभ्यासाचं आणखी एक दुखणं म्हणजे बदल्या. समितीने आदेश काढला की मूल एका गृहातून दुसऱ्यात जातं, आणि शाळा सोडल्याचा दाखला मागे राहतो. शिक्षण हक्क कायद्याने (१ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे) वयाप्रमाणे वर्गात बसवायचं बंधन घातलं, दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. पण वयाने सहावीत बसवलेल्या मुलीला तिसरीची बेरीज येत नसेल तर तिच्याकडे वेगळं लक्ष कोण देणार? दिलंच तर शिवण, मेंदी आणि ब्यूटी पार्लर. मुलगी म्हटली की शिवणयंत्र, हे आपण घराघरांत भांडून थोडंफार हटवलं. संस्थांत ते अजून ठाण मांडून आहे. तिथल्या सतरा वर्षांच्या मुलीने रांगोळीची बक्षिसं मिळवलेली असतात, आणि तिने एकटीने कधी रेल्वेचं तिकीट काढलेलं नसतं.

या गृहांवर न्यायालयाची नजर पडली तीही एका बाईमुळे. पत्रकार शीला बारसे यांनी मानखुर्दच्या निरीक्षणगृहाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. ते चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ पासूनची. मुख्यमंत्री तिचे पदसिद्ध अध्यक्ष. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की ही संस्था सरकारचाच हात आहे, त्यामुळे मुलांच्या मूलभूत हक्कांची जबाबदारी तिच्यावर येते. मुलांना निरीक्षणगृहात रेंगाळत ठेवू नये, तिथे असेपर्यंत त्यांना काही शिक्षण-उद्योग द्यावा, आणि कर्मचारी मनापासून काम करणारे, प्रशिक्षित असावेत. त्याच वर्षी बालन्याय कायदा झाला. पुढे २००० मध्ये नवा, आणि २०१५ मध्ये आणखी नवा. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, असं २०१५ च्या कायद्यात तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे. आणि मधल्या काळात, २०११ मध्ये, पनवेलजवळच्या कळंबोलीच्या गृहातल्या गतिमंद मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. म्हणून कुणी "आमच्याकडे सगळं छान आहे, बाहेरच्यांनी लक्ष घालू नये" असं म्हटलं की आपण जास्त लक्ष घालायचं.

आता अठरा वर्षांचं. आमच्या गृहातल्या निम्म्या मुलींचा वाढदिवस १ जून. जन्मतारीख माहीत नसली की शाळेत घालताना १ जून लिहायची जुनी रीत आहे. त्यामुळे अठरावं वर्षही १ जूनला पुरं होतं, कॉलेजचे प्रवेश सुरू होण्याच्या तोंडावर. त्या दिवशी मुलीला विचारलं जातं, आता कुठे जाणार? कायद्यात पुढची सोय आहे, अनुरक्षणाची, २१ वर्षांपर्यंत. जागा पुरेशा नाहीत, आणि मुलींना ती माहिती वेळेवर कुणी देत नाही. मग संस्थेत लग्न ठरतं. वर्तमानपत्रात फोटो येतो, कन्यादान कुठल्यातरी साहेबांच्या हस्ते. मुलीला नवरा मिळाला, म्हणजे नाथ मिळाला. अनाथपण संपलं! तिने बारावीचं पुस्तक कुठे ठेवलं, हे कोणी विचारत नाही.

गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेली अमृता करवंदे अशीच अठराव्या वर्षी बाहेर पडली. पुण्यात आली, पडेल ते काम करत शिकली, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसली. गुण चांगले होते, पण जातीचा किंवा क्रीमी लेअरचा दाखला आणायचा कुठून? ती थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली, आणि २०१८ मध्ये राज्याने अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आणलं. एका मुलीच्या चिकाटीचं हे काम आहे. पण ज्यांना आई आहे त्यांचं काय? जात पडताळणीला वडिलांकडचे पुरावे लागतात, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. टाकून गेलेल्या नवऱ्याच्या चुलत्याकडे ती बाई कागद मागायला कशी जाणार? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव घालणं राज्याने सक्तीचं केलं आहे. चांगलं झालं. नाव आलं, हक्क अजून यायचा आहे.

शेवटी कामाच्या दोन गोष्टी, त्या नीट ऐका.

बाई मूल संस्थेत ठेवायला जाते तेव्हा तिला कागदावर सही किंवा अंगठा करायला लावतात. तात्पुरतं ठेवण्याचा कागद वेगळा आणि मूल कायमचं सोडून देण्याचा, दत्तकासाठीचा, वेगळा. दुसऱ्या कागदावर सही झाली तर विचार बदलायला दोन महिने मिळतात, त्यानंतर मूल परत मिळत नाही. कागद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठवू नको, हे आपल्या वस्तीतल्या प्रत्येक बाईला माहीत हवं. मूल संस्थेत गेल्यावर भेट चुकवायची नाही, आणि गेलं की भेटीच्या वहीत नोंद करून घ्यायची. ज्यांना बराच काळ कोणी भेटायला येत नाही अशी मुलं दत्तक देता येतील का, हे आता तपासलं जातं. रविवारी मालकीण सुट्टी देत नाही म्हणून बराच काळ न गेलेली आई कागदोपत्री टाकून गेलेली आई ठरू शकते. त्या मालकिणीशी बोलायला घरकामगार संघटनेच्या बाया जाऊ शकतात, यापूर्वी गेल्याही आहेत.

बालकल्याण समितीपुढे उभं राहायचं म्हणजे या बायांचे पाय लटपटतात. एक अध्यक्ष, चार सदस्य, टेबलापलीकडे फायली. सोबत शेजारीण असली तरी बाई नीट बोलते. आपल्या उपनगर जिल्ह्याची समिती मानखुर्दला बसते. मुलुंडहून निघालं तर कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने जायचं. महिन्यातून एक सकाळ ज्यांना जमेल त्यांनी आपलं नाव आणि वार चहाच्या सुट्टीत माझ्याकडच्या वहीत लिहा. भांडुपच्या त्या बाईची तारीख पुढच्या गुरुवारी आहे. तिला आता विक्रोळीत खोली मिळाली आहे आणि मुलगी घरी आणायची आहे. तिच्याबरोबर दोघीजणी हव्यात.