गुरुवारची प्रदक्षिणा
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी अर्जेंटिनाला जाऊन आल्याचे कळताच आपल्या चिटणीसबाईंनी मला न विचारताच आजच्या कार्यक्रमात माझे नाव घालून टाकले. दहा मिनिटांत सारा देश काही सांगून होणार नाही. तेव्हा ब्यूनॉस आयर्स शहरातल्या एकाच चौकाविषयी बोलते.

चौकाचे नाव प्लाझा दे मायो, म्हणजे मे महिन्याचा चौक. २५ मे १८१० रोजी इथे स्पेनच्या व्हाइसरॉयला दूर सारून लोकांनी स्वतःचे कारभारी मंडळ नेमले, त्याची ही आठवण. एका अंगाला राष्ट्राध्यक्षांची गुलाबी रंगाची कचेरी, समोर जुनी नगरसभा. या नगरसभेला पूर्वी अकरा कमानी होत्या. दोन्ही बाजूंनी मोठे रस्ते काढताना छाटता छाटता पाच उरल्या. रस्तारुंदी आपल्याकडेच होते असे नाही! जुलैत तिकडे थंडी असते; शाल घट्ट लपेटून मी हे सारे पाहिले. पण मन थांबले ते मधल्या पांढऱ्या स्तंभापाशी. त्याच्याभोवती फरशीवर पांढरे रुमाल रंगवलेले आहेत. बायका डोक्याला बांधतात तसे, हनुवटीखाली गाठ मारलेले.

त्या रुमालांची हकीकत अशी. २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि तरुण मुले-मुली नाहीशी होऊ लागली. रात्री घरातून उचलून नेत. पुढे पत्ता नाही. राजवट गेल्यावर नेमलेल्या आयोगाने जवळजवळ नऊ हजार नावे नोंदवली. मानवी हक्कांच्या संस्था तीस हजार म्हणतात. आया पोलीसचौक्या, कचेऱ्या, चर्चे हिंडत. सगळीकडे तेच चेहरे भेटत. शेवटी आसुसेना व्हिजाफ्लोर या गृहिणीने सुचवले की असे एकेकटीने दार ठोठावण्यापेक्षा सरळ चौकात जाऊ या. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदाजणी जमल्या. तो निघाला शनिवार, चौक ओस! मग शुक्रवार करून पाहिला, आणि शेवटी गुरुवार, दुपारी साडेतीन, हे ठरले.

जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, थांबायचे नाही, चालत राहा. तेव्हा या दोघी-दोघी हातात हात घालून स्तंभाभोवती चालू लागल्या. चालत राहण्याचा हुकूम त्यांनी अगदी अक्षरशः पाळला.

आणि रुमाल? त्याच वर्षी ऑक्टोबरात लुहानच्या यात्रेला जायचे होते. हजारोंच्या गर्दीत एकमेकींना ओळखायचे कसे? तर प्रत्येकीने बाळाच्या लंगोटाचे कापड डोक्याला बांधायचे. पुष्कळजणींनी आपल्या मुलांची कापडे नातवंडांसाठी म्हणून जपून ठेवली होती. आपल्यापैकी कितीजणींच्या ट्रंकेत अजून दुपटी आहेत, हे मी विचारीत नाही, माझ्या आहेत.

डिसेंबर १९७७ मध्ये आसुसेनाबाईंना आणि आणखी दोघी आयांना पळवून नेले. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली प्रेते बेवारशी म्हणून पुरली गेली होती. त्यांतली ही तिघींची, हे २००५ साली सिद्ध झाले. आसुसेनाबाईंची रक्षा त्याच स्तंभाच्या पायथ्याशी पुरली आहे. मागे राहिलेल्यांनी मात्र पुढल्या आठवड्यांत येणे सोडले नाही. त्यांच्याबरोबर आज्याही निघाल्या. कोठडीत जन्मलेली नातवंडे परक्या घरी दिली गेली होती. आजीच्या रक्तावरून नातवंड ओळखण्याची शास्त्रीय पद्धत त्यांच्या पाठपुराव्याने निघाली आणि आजवर १३० हून अधिक नातवंडे सापडली.

मंडळ म्हटले की मतभेद आलेच. १९८६ साली या आयांतही दोन गट पडले. पण गुरुवार कुठल्याच गटाने सोडला नाही.

मी गेले त्या दिवशी काठी टेकीत आलेल्या अगदी मोजक्याच वृद्धा होत्या. बाकी तरुण मंडळी मागून चालत होती. मीही त्यांच्यात मिसळले. भाषा येत नव्हती, पण शेजारच्या मुलीने माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

कुणाचा तिकडे जाण्याचा योग आला तर गुरुवारच धरा. भुयारी रेल्वेचा 'ए' मार्ग थेट चौकाशी पोचवतो. तोही १९१३ सालचा, दक्षिण अमेरिकेतला पहिला. साडेतीनच्या थोडे आधी पोचा, अर्ध्या तासात फेरी आटोपते.