नोटीस देवघरात ठेवून टळत नाही
माझी नोकरी गेली आणि डहाणूतल्या आमच्या घराचे चार हप्ते थकले. बँकेची नोटीस आली. आईने ती न उघडताच देवघरात ठेवली.

आठवड्याने मी ती वाचली. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं बुडीत धरतात. मग २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस येते. त्या मुदतीत लेखी हरकत घेता येते. ती पटली नाही, तर बँकेला १५ दिवसांत कारणं कळवावी लागतात. मी हरकत दिली, पोच घेतली, थकबाकी टप्प्याटप्प्याने भरायची परवानगी मागितली. मिळाली.

पैशांसाठी एसटीने तलासरीला जाऊन दुकानदारांची जीएसटीची बिलं संगणकावर बसवून द्यायचो. पहिल्या महिन्यात गिऱ्हाइकं दोनच. पण रात्री फोन आला तरी उचलायचो. हळूहळू लोक आपापल्या नोटिसाही दाखवायला लागले. आज तिकडे मला ‘नोटीसवाला इंजिनिअर’ म्हणतात. माझा पर्सनल ब्रँड म्हणाल तर एवढाच! घर अजून आमचंच आहे.

तुमच्याकडे पाकीट आलं असेल तर आजच उघडा. ६० दिवस नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही वाचल्यापासून नाही. भेटू पुढच्या भागात.