घरातला पहिला घोट

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



“बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरी, आमच्या देखत घोटभर घेतली तर काय बिघडले?” हा प्रश्न आता सुशिक्षित घरांतूनही उघडपणे विचारला जातो. विचारणारे पालक बेफिकीर नसतात. बारावीनंतर मुलगा वसतिगृहात जाणार, तेथे त्याला कोण आवरणार, या काळजीपोटीच ते विचारतात. म्हणून त्यांची हेटाळणी न करता त्यांच्या युक्तिवादाची परीक्षा केली पाहिजे.

युक्तिवाद असा, की घरी चव कळली म्हणजे कुतूहल शमते आणि मूल बाहेर मर्यादेत राहते. ऑस्ट्रेलियात नेमके हेच तपासले गेले. सिडनी, पर्थ आणि होबार्ट येथील शाळांतील १,९२७ मुले व त्यांचे पालक यांचा सहा वर्षे मागोवा घेण्यात आला. निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मुलांना एखाद्या वर्षी केवळ आईवडिलांकडून मद्य मिळाले, त्यांनी पुढच्या वर्षी ते इतरांकडूनही मिळवण्याची शक्यता दुप्पट आढळली. घरी दिल्यामुळे मुलांचे रक्षण झाले, असा पुरावा मिळाला नाही. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, हे मान्य. परंतु ज्या आशेवर आपण पेला पुढे करणार, त्या आशेला आधार कोठे आहे?

याचे कारण समजणे अवघड नाही. पालकांना वाटते, आपण मुलाला प्रमाण शिकवतो आहोत. मुलगा मात्र संमती शिकतो. प्रमाण त्या संध्याकाळपुरते असते, संमती तो वसतिगृहात बरोबर घेऊन जातो. “आमच्या घरी चालते,” हे वाक्य मित्रांच्या घोळक्यात किती उपयोगी पडते, ते तरुणांना विचारा.

मग कोणी फ्रान्सचा दाखला देतात. आपल्याकडे असे दाखले देणारे बहुधा अर्धीच गोष्ट सांगतात! त्या देशात एके काळी शाळेच्या भोजनगृहातही मुलांना वाइन मिळत असे. १९५६ साली चौदा वर्षांखालील मुलांसाठी ती बंद केली गेली, आणि २००९ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील कोणालाही मद्य विकण्यास मनाई झाली. ज्यांची परंपरा आपण उसनी घेऊ पाहतो, त्यांनीच ती आवरती घेतली.

आपल्या कायद्याची तरतूदही फारशी कोणाला ठाऊक नसते. २००० च्या बाल न्याय अधिनियमात मुलांना मद्य देण्याच्या गुन्ह्याला ‘सार्वजनिक ठिकाणी’ अशी अट होती. २०१५ च्या अधिनियमातील ७७ व्या कलमात ती अट उरली नाही. वैद्यकीय व्यावसायिकाच्या आदेशाविना अठरा वर्षांखालील मुलास मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दिवाणखान्याला सवलत नाही. (सर्दीवर चमचाभर ब्रँडी पाजणाऱ्या आज्यांनीही हे ध्यानात घ्यावे.)

खरी अडचण वेगळीच आहे. जो पिता स्वतः घेतो, त्याने मुलाला कोणत्या तोंडाने नाही म्हणावे? माझे मत स्पष्ट आहे: त्याने तरीही नाहीच म्हणावे, पण फ्रिजमधली बाटली आधी घराबाहेर काढावी. मुलाला फ्रिज आणायला पाठवून, पाहुण्यांसमोर पेले भरायला लावून, मागाहून उपदेश करणे त्याला क्षणात कळते. आपण न पिणारे असलो तरी काम संपत नाही. पाचशे लोकांच्या लग्नात मामा-काका गच्चीवर भाच्याला ‘आता मोठा झालास’ म्हणतात, तेव्हा तेथे जाऊन त्यांना थांबवण्याचे धैर्य हवे. नात्यात थोडी कटुता येईल, येऊ द्यावी.

आणि इतके करूनही मुलगा एखाद्या रात्री पिऊन आला तर? दार उघडा. तो शुद्धीवर आहे ना, श्वास नीट चालला आहे ना, ते पाहा. उलटी होत असेल तर कुशीवर निजवा, आणि उठवूनही उठत नसेल तर लाजेपायी वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्या. बोलणे सकाळी करावे, दोघांनी मिळून, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात.