पोटातली धडधड



आम्ही सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका बचत गटाच्या बाया. मागच्या खेपेला आम्ही याच रेडिओवरून शेळ्यांच्या लसीबद्दल बोललो होतो. आज माणसाच्या दुखण्याबद्दल बोलणार आहोत. हे दुखणं वर्षानुवर्षं पोटात राहतं आणि बहुतेक वेळा दुखतच नाही, म्हणून तर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आमच्या गटातल्या एक अक्का आहेत. त्या म्हणाल्या, "माझं नाव घेऊ नका, पण आमच्या घरात जे झालं ते सांगा. दुसरीच्या घरी होऊ नये." म्हणून त्यांच्या मालकांची, म्हणजे आमच्या दाजींची, ही हकीकत.

दाजींचं वय ६७. जन्म मेंढरांमागं गेला. बिडी चाळीस वर्षांची. मागच्या काही महिन्यांपासून कंबर भरून यायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. रात्री उताणं झोपलं की बेंबीच्या वर धडधड व्हायची. अक्कांनी हात ठेवून बघितलं, तर हाताखाली काहीतरी उसळत होतं. घरात सगळे म्हणाले, वाटी सरकली. शेजारच्या वस्तीवर वाटी बसवणारी म्हातारी आहे. तिनं पोटावर दिवा ठेवला, वरून तांब्या पालथा घातला, तेल लावून पोट चोळलं. एकदा नाही, तीनदा. ती म्हातारी वाईट नाही. आम्हीही आमची लेकरं तिच्याकडं नेली आहेत. पण दाजींच्या पोटात काय होतं, ते तिला माहीत नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं.

पुढं लघवीला जळजळ झाली, म्हणून मुतखड्याच्या संशयानं तालुक्याला सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही. डॉक्टरीणबाई मात्र पडद्याकडं बघत गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आजोबा, पोट कुणाला चोळू देऊ नका. उद्याच पुण्याला जा."

काय होतं ते? आम्हाला समजलं तसं सांगतो.

आपल्या काळजातून एक मोठी रक्तवाहिनी निघते. तिला महाधमनी म्हणतात. ती आधी वर जाते, काठीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला लागून छातीतून पोटात उतरते. बेंबीच्या आसपास तिचे दोन फाटे होतात, एकेक पायाला. शेतात जशी मुख्य पाइपलाइन आणि तिच्यावरून पुढं वाफ्यावाफ्याला पाणी, तसंच हे. पोटात ही नळी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे अंगठ्याएवढी. वय, बिडी-सिगारेट, वाढलेला बीपी यांनी तिची भिंत कमजोर होते. मग जुन्या टायरमधून ट्यूबचा फुगा बाहेर येतो, तसा तिथं फुगा येतो. ३ सेंटिमीटरच्या वर गेलं की डॉक्टर त्याला फुगा धरतात. दाजींचा ६ च्या वर होता.

फुगा लहान असेल तर ऑपरेशन नसतं. ठराविक काळानं सोनोग्राफी करायची, बीपी ताब्यात ठेवायचा आणि बिडी सोडायची. साधारणपणे पुरुषांत साडेपाच आणि बायकांत ५ सेंटिमीटरला पोचला की दुरुस्तीचा विचार होतो. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा कमी होतो, पण झाला तर फुगा लहान असतानाच फुटण्याची भीती जास्त. म्हणून "हे तर गड्यांचं दुखणं" म्हणून सोडून देऊ नये. आणि फुटला तर पोटातल्या पोटात रक्त सांडतं. त्यातली बरीच माणसं दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत.

अक्का तेव्हा म्हणाल्या होत्या, "म्हणजे आम्ही तीनदा ते चोळून घेतलं?" आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही.

आता यावरचा इलाज. थोडं मागं जाऊन सांगतो, कारण त्यात आपल्या शिलाई मशीनचाही वाटा आहे.

आइनस्टाइन हे मोठे शास्त्रज्ञ तुम्ही ऐकून असाल. त्यांच्या पोटात हाच फुगा होता. १९४८ साली अमेरिकेत डॉक्टरांनी पोट उघडून त्या फुग्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. त्या वेळी त्याहून फार काही करता येत नव्हतं. १९५५ साली फुगा फुटला आणि ते गेले. मधल्या काळात, १९५१ साली, पॅरिसमध्ये एका डॉक्टरांनी फुगलेला भाग कापून तिथं मृत माणसाची रक्तवाहिनी जोडली होती. पण अशा रक्तवाहिन्या पुरणार किती? अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात मायकेल डिबेकी नावाचे डॉक्टर होते. आईनं त्यांना लहानपणी शिवण शिकवलं होतं. ते दुकानात नायलॉन घ्यायला गेले. नायलॉन संपलं होतं, म्हणून डेक्रॉन नावाचं नवं कापड घेऊन आले आणि बायकोच्या मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. हे डेक्रॉन म्हणजे आपल्याकडं ज्याला टेरिलीन म्हणायचे, त्याच जातीचं कापड. ते शरीरात टिकतं असं दिसलं आणि आजही रक्तवाहिनीच्या नळ्या अशाच कापडाच्या असतात.

पण त्यासाठी पोट उभं उघडावं लागे. बरं व्हायला दोन-तीन महिने. ज्यांची फुप्फुसं किंवा काळीज कमजोर, त्यांना ते झेपत नसे. मग विचार निघाला, की नळी बदलण्यापेक्षा तिला आतून अस्तर लावलं तर? १९८७ साली खारकीवमध्ये, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, डॉक्टर व्होलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत असं केलं. १९९० साली अर्जेंटिनाच्या ब्यूनस आयर्स शहरात डॉक्टर पारोदी यांनी पोटातल्या फुग्यावर केलं.

दाजींचं असंच झालं. आधी सिटी स्कॅन करून आतली मापं घेतली. ब्लाऊज शिवायच्या आधी आपण मापं घेतो, तशीच. फुग्याच्या वर चांगली नळी किती उरली आहे, वळण किती आहे, जांघेतली रक्तवाहिनी पुरेशी रुंद आहे का, हे सगळं बघितलं. कारण प्रत्येकाला ही पद्धत चालतेच असं नाही. स्कॅनच्या वेळी औषधाचं इंजेक्शन देतात, त्याचा ताण मूत्रपिंडावर येऊ शकतो, म्हणून रक्त आधी तपासलं.

मग कमरेत भूल दिली. दोन्ही जांघांतून बारीक नळ्या आत घातल्या. तारेची जाळी आणि तिला शिवलेलं कापड, असं ते अस्तर मिटलेल्या छत्रीसारखं दाबून आत नेलं. एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत जागेवर आणून सोडलं की ते उघडतं आणि वरखाली चांगल्या भागाला घट्ट धरतं. मग रक्त अस्तरातून वाहतं आणि फुग्याच्या भिंतीवरचा दाब जातो. फुगा काढत नाहीत, तो तिथंच राहतो. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा.

दाजी दुसऱ्या दिवशी चालले आणि चौथ्या दिवशी घरी आले. गावात सगळ्यांना नवल वाटलं. पोटावर एक टाकासुद्धा नाही!

खर्च मोठा होता. त्या अस्तराचीच किंमत काही लाखांत जाते. पोरगं गलाईच्या कामाला कोइमतूरला असतं, त्यानं साठवलेलं दिलं. मेंढरं विकली. कमी पडलं ते आमच्या गटानं कर्ज म्हणून दिलं. तेव्हा आम्हाला फार अभिमान वाटला. वाटलं, गटानं माणूस वाचवला.

आणि इथंच आमची चूक झाली.

घरी सोडताना हातात कागद दिला होता. त्यावर पुढच्या तपासणीची तारीख इंग्रजीत लिहिलेली. "तपासणी चुकवली तर काय होईल" हे बसवून कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. दाजी ठणठणीत. बिडीसुद्धा सुटली होती. पुण्याला जायचं म्हणजे गाडीभाडं, स्कॅनचे पैसे, दोन दिवसांची मजुरी. कर्जाचे हप्ते चालू होते. अक्का म्हणाल्या, पुढच्या महिन्यात बघू. आम्ही मिटिंगमध्ये हप्ता दर महिन्याला विचारला. तपासणी झाली का, हे एकदाही विचारलं नाही.

पंधरा महिन्यांनी दाजींची पाठ पुन्हा दुखायला लागली. या वेळी कुणी वाटीचं नाव काढलं नाही, थेट पुणं. स्कॅनमध्ये दिसलं, की अस्तराच्या वरच्या तोंडाशी फट पडली होती. तिथून रक्त परत फुग्यात जात होतं आणि फुगा वाढला होता. नशिबानं फुटला नव्हता. पुन्हा जांघेतून जाऊन वर अस्तराचा आणखी एक छोटा तुकडा बसवला. आज दाजी बरे आहेत. पण तपासणी वेळेवर झाली असती, तर ही फट आधीच दिसली असती.

नंतर पुण्याच्या डॉक्टरांना आम्ही तिघी जाऊन विचारून आलो. त्यांनी सांगितलं, की ब्रिटनमध्ये याचा मोठा अभ्यास झाला आहे. काही रुग्णांचं पोट उघडून ऑपरेशन केलं, काहींचं जांघेतून. पहिल्या ३० दिवसांत पोट उघडलेल्यांत शंभरामागं जवळपास पाच दगावले, जांघेतून केलेल्यांत दोनाहूनही कमी. पण पुढं पंधरा वर्षं त्या लोकांवर नजर ठेवली, तेव्हा सुरुवातीचा हा फायदा टिकला नाही असं दिसलं. जांघेतून केलेल्यांत पुन्हा दुरुस्ती जास्त वेळा लागली आणि काहींचा फुगा नंतर फुटला. म्हणून ही पद्धत वाईट असं नाही. दाजींच्या बिडीनं खाल्लेल्या फुप्फुसांना दुसरी झेपलीच नसती. पण यात टाके कमी पडतात तशी राखण जास्त लागते. महिन्याभरानं पहिली तपासणी आणि मग डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दर वर्षी, जन्मभर.

मैत्रिणींनो, आता घाबरून जाऊ नका. बारीक अंगाच्या माणसाला उताणं झोपल्यावर बेंबीजवळ ठोके लागणं साहजिक आहे. पण साठीच्या पुढचं माणूस, बिडी-सिगारेटची सवय, घरात आई-बाप किंवा भावाला असा फुगा झालेला, आणि पोटात उसळणारी गाठ किंवा न जाणारी पाठदुखी असेल, तर चोळायच्या आधी पोटाची सोनोग्राफी करून घ्या. त्यात टोचणं नाही, कापणं नाही. आणि पोटात, पाठीत किंवा छातीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, घाम सुटला, भोवळ आली, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि पोटात आधीच फुगा सापडलेला असेल तर ते तिथंच सांगा.

तरण्या पोरींसाठीही एक गोष्ट. महाधमनीला सूज येऊन ती आणि तिचे फाटे अरुंद होण्याचा एक आजार आहे, ताकायासू नावाचा. तो जास्त करून तरुण बायकांनाच होतो. काम करताना एक हात लवकर भरून येतो, एका हाताची नाडी लागत नाही, दोन हातांचा बीपी वेगळा येतो. म्हणून शिबिरात बीपी मोजताना एकदा तरी दोन्ही हातांचा मोजायला सांगा. त्यावर औषधं आहेत.

पैशांचं म्हणाल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. कोणत्या ऑपरेशनला मंजुरी मिळते, अस्तराचा खर्च त्यात येतो का, हे भरती व्हायच्या आधी त्यांनाच विचारा. आम्ही आधी मेंढरं विकली आणि मग चौकशी केली.

आमच्या गटानं आता एक नियम केला आहे. दवाखान्यासाठी कर्ज दिलं, की पुढच्या तपासणीचे पैसे त्यातूनच बाजूला काढून ठेवायचे. तारीख मराठीत गटाच्या वहीत लिहायची. आणि मिटिंगला हप्त्याच्या आधी विचारायचं, तपासणी झाली का?

दाजींची पुढची तारीख मार्गशीर्षात आहे. या खेपेला अक्कांबरोबर गटातली एक जण जाणार आहे. त्या वाटी बसवणाऱ्या म्हातारीलाही आम्ही हे सगळं सांगितलं. तिनं निमूट ऐकून घेतलं. मागच्या आठवड्यात तिनं एका म्हाताऱ्या गड्याच्या पोटाला हात लावला आणि म्हणाली, "हे माझं काम नव्हं. तालुक्याला जा."