माकड मेलं तर ग्रामसभेला सांगा
(किल्लारी येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



किल्लारीत बोलायला उभं राहिलं की 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवतेच. त्या मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, 1992 मध्ये, इथं लहान हादरे जाणवले होते. लहान गोष्ट आधी गावातल्या माणसाला कळते. पण तिची नोंद कोण घेतो? आज आम्ही जंगलातल्या अशाच एका लहान गोष्टीवर बोलणार आहोत. ती म्हणजे झाडाखाली मरून पडलेलं माकड.

तुम्ही म्हणाल, जमिनीच्या मेळाव्यात माकड कशाला? त्याचा जमिनीशी संबंध हाय. तो शेवटी सांगू.

आधी ओळख करून घेऊ. किनवट-माहूरच्या जंगलात काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर आपण रोज बघतो. ते पाला खातं. पाला पचावा म्हणून त्याच्या पोटात वेगवेगळे कप्पे असतात. दुसरं ते लाल तोंडाचं माकड. त्याच्या गालात पिशवी असते, दाणे भरून घेतं आणि झाडावर जाऊन निवांत खातं. तिसरा हुलॉक गिबन. त्याला शेपूटच नाही. तो आसामकडच्या जंगलात राहतो. आफ्रिकेत चिंपांझी आणि गोरिला आहेत. हा सगळा एक गण. शास्त्राच्या पुस्तकात त्याला नरवानर गण म्हणतात. समोर बघणारे डोळे, पकड घेणारा हात, बोटाला नखं, बहुतेक वेळा एकच पिल्लू आणि ते बरेच दिवस आईच्या पोटाशी. यातलं आपल्यात काय नाही? म्हणून माणूसही याच गणात येतो. कलेक्टर साहेब पण आणि आपण पण.

आता लोक काय समजतात? आधी माकड, मग रानटी माणूस, मग शहाणा माणूस, अशी शिडी. ते खरं नाही. आजच्या माकडापासून माणूस झालेला नाही. आपले आणि चिंपांझीचे पूर्वज साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी एक होते, तिथून फांद्या वेगळ्या झाल्या. वानराची फांदी त्याच्याही कितीतरी आधी फुटली. ही शिडी नव्हे, झाड आहे. आजची सगळी माणसं, गोंड, कोलाम, आंध, मराठा, ब्राह्मण, इंग्रज, एकाच फांदीवरची. आपली जात सुमारे 3 लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत तयार झाली. कोणी माकडाच्या जवळचा नाही, कोणी लांबचा नाही.

हे ठासून सांगतो, कारण या शिडीनं आपल्या लोकांचं वाटोळं केलंय. इंग्रजांच्या राज्यात रिस्ले नावाचा अधिकारी लोकांची नाकं मोजून कोण वरचा, कोण खालचा ते ठरवत होता. 1906 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाच्या, काँगोच्या जंगलातल्या तरुणाला माकडांच्या घरात ठेवून तिकडच्या लोकांना दाखवलं. आणि लांब कशाला जायचं, आश्रमशाळेतून तालुक्याच्या शाळेत गेल्यावर आमच्यातल्या किती जणांना "जंगलातलं माकड आलं" हे ऐकावं लागलं! ज्यांनी असं म्हटलं, त्यांना शास्त्र कळलं नव्हतं.

नातं जवळचं असलं की आजारही इकडून तिकडं जातात. आपला क्षयरोग माकडाला होतो. आफ्रिकेत इबोलानं माणसं मेली तसे गोरिला आणि चिंपांझीही मेले. एड्सचा विषाणू चिंपांझीतल्या विषाणूपासून आला.

आपल्या राज्यातलं उदाहरण माकडतापाचं. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संस्थेनं शोध लावला. हा विषाणू गोचिडीतून येतो. वानर आणि माकड दोघंही त्यानं मरतात. जनावर मेलं की गोचिडी अंग सोडून आजूबाजूला पसरतात. मग लाकूडफाट्याला, गुरांमागं, काजू वेचायला गेलेल्या माणसाला चावतात. 2015 ला हा ताप गोव्यात सत्तरी तालुक्यात आला. 2016 ला सिंधुदुर्गात दोडामार्गच्या केर गावात, 2017 ला सावंतवाडी तालुक्यात बांद्याला. एकदम ताप, डोकं आणि अंग ठणकतं, कधी नाका-हिरड्यातून रक्त. खास औषध नाही, वेळेवर दवाखाना हाच इलाज. माणसापासून माणसाला होत नाही, म्हणून आजाऱ्याला वाळीत टाकू नका. या साथी सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या आहेत, पण मेलेल्या माकडाकडं दुर्लक्ष करू नये हे आपल्यालाही लागू आहे.

आणि माकडाला दोष देऊ नका. ब्राझीलमध्ये पीतज्वराच्या भीतीनं लोकांनी माकडं मारली. ताप डासातून येत होता. माकड आधी मरून लोकांना सावध करत होतं. सावध करणाऱ्यालाच मारलं!

आता जमिनीवर येऊ. धाराशिव जिल्ह्यात उपळा गाव आहे. तिथं ग्रामपंचायतीच्या दप्तरात 32 एकर जमीन गावातल्या माकडांच्या नावानं आहे. 2022 ला हे पेपरात आलं होतं. आम्हाला त्या माकडांचा हेवा नाही, त्यांना खुशाल राहू द्या. पण 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला पुरावा आणा, अजून एक पुरावा आणा म्हणून किती फिरवणार?

साथ आली की पहिला हुकूम निघतो, जंगलात जाऊ नका. मग डिंक, मोहफुलं, तेंदूपत्ता, चूल, सगळं बंद. जंगल रोज पायाखाली असलेल्या माणसालाच मेलेलं माकड पहिलं दिसतं. वनहक्क कायद्याच्या कलम 5 नं वन्यजीव आणि जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो वापरू या. म्हणून आम्ही चार गोष्टी मांडतो:

1. मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, गुरं तिकडं न्यायची नाहीत. त्याच दिवशी ग्रामसभेच्या वहीत जागा, तारीख, किती मेली ते लिहायचं.

2. वनखातं आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, दोघांना लेखी कळवून पोच घ्यायची. तपासणीचा निकाल ग्रामसभेला मिळालाच पाहिजे.

3. जंगलातून आल्यावर अंग-कपडे तपासायचे, गोचीड काढायची, गरम पाण्यानं आंघोळ करायची. माकड चावलं तर जखम 15 मिनिटं साबणानं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायची.

4. जंगलबंदी करायची तर आधी ग्रामसभेला विचारा. बंदीच्या दिवसांची मजुरी आणि रेशन द्या.

साथींनो, ही वही जपून ठेवा. उद्या दाव्याच्या वेळी कोणी विचारलं, तुमचा जंगलाशी काय संबंध, तर ती पुढं करा. जंगलाची राखण आम्ही करतो, याचा तो लेखी पुरावा राहील.

जोहार!