पाठ आणि परिपाठ



पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकवावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. पुस्तके आली, गुणही आले. परंतु आम्ही ज्या शिक्षकांशी बोललो, त्यांचे म्हणणे एकच पडले : पाठाला परिपाठाची जोड हवी. फळ्यावर जलसंधारण आणि अंगणात गळका नळ असेल, तर मूल नळाकडूनच शिकते. १९३७ साली वर्ध्यास मांडल्या गेलेल्या नयी तालीमचे मर्मही हेच, की ज्ञान हातच्या कामातून यावे. एकट्या शिक्षकाच्या बळावर हा संस्कार टिकत नाही. मुख्याध्यापक, शिपाई आणि पालक सोबतीला हवेत. परप्रांतात आपण मायबोली घरातूनच जपली. हाही संस्कार तसाच जपू या.